चुकलं की थांबणारा प्रोग्रॅम : पेटीच्या घरात पियानो शिकताना

कुडाळ, देवगड, गुहागरकडच्या घरात कीबोर्ड येतो तो बहुधा पेटीच्या शेजारी येऊन बसतो. घरात कोणीतरी भजनाला बसणारं असतं, पोराला सारेगम ठाऊक असतं, पण पियानो शिकवणारं माणूस तालुक्याच्या गावीही सहज सापडत नाही. अशा वेळी सोबत चालणारे प्रोग्रॅम कामाला येतात. पुढचा स्वर ते पडद्यावर दाखवतात, तुम्ही कोणती पट्टी दाबली ते ओळखतात आणि बरोबर पट्टी दाबेपर्यंत थांबून राहतात.

हे थांबणं म्हणजे साथ नव्हे. वाजवणाऱ्याच्या मागून चालत खरी साथ करणाऱ्या प्रोग्रॅमची कल्पना रॉजर डॅननबर्ग आणि बॅरी व्हर्को यांनी १९८४ साली पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय संगणक संगीत परिषदेत वेगवेगळी मांडली होती. त्यांच्या प्रोग्रॅमनी वाजवणाऱ्याची लय ओळखून आपली लय जुळवून घ्यायची होती. नवशिक्यांसाठीचे घरगुती प्रोग्रॅम एवढं करत नाहीत, बहुतेक नुसते थांबतात. डबलबारीला (दोन बुवांच्या भजनाच्या सामन्यात) पखवाजी बुवांसाठी असा थांबत नाही, हे लक्षात ठेवून पुढचं वाचा.

काय लागेल

कीबोर्ड ६१ पट्ट्यांचा, पूर्ण रुंदीच्या पट्ट्यांचा आणि हळू-जोरात फरक कळणारा असावा. हा शेवटचा गुण दुकानात स्वतः तपासा. तीच पट्टी एकदा हळूच आणि एकदा जोरात दाबायची. आवाज सारखाच आला तर तो कीबोर्ड सोडा. मागच्या बाजूला 'यूएसबी टू होस्ट' असं लिहिलेलं भोक हवं. नुसतं 'यूएसबी' लिहून पेनड्राइव्हचं भोक दिलेलं असेल तर ते या कामाचं नाही.

ते भोक चौकोनी असेल तर प्रिंटरची वायर चालते. लहान मायक्रो भोक असेल तर जपून, कारण घरात पडलेल्या मोबाईलच्या अनेक वायरी फक्त चार्जिंगच्या असतात आणि त्यांतून माहिती जात नाही. 'कीबोर्ड दिसतच नाही' ही तक्रार पुष्कळदा या वायरीपाशीच संपते. जुन्या कीबोर्डला पाच टाचण्यांची गोल मिडी भोकं असतात (मिडी म्हणजे वाद्याची माहिती आकड्यांत पाठवण्याची पद्धत). त्याला मध्ये एक जोडणी-वायर लागते आणि तिचं 'इन' लिहिलेलं टोक कीबोर्डच्या 'आऊट'मध्ये जातं. नावं बघून इन-ला-इन जोडलं की काहीच होत नाही.

अँड्रॉइड फोनला ओटीजी जोडणी (फोनला दुसरं उपकरण लावू देणारी) लागते. काही फोनांत ओटीजी सेटिंगमध्ये जाऊन चालू करावं लागतं आणि दहाएक मिनिटं वापर झाला नाही की ते आपलं आपण बंद पडतं. फोनपेक्षा जुना लॅपटॉप केव्हाही बरा. पडदा मोठा असतो आणि सराव चालू असताना फोन येत नाही.

प्रोग्रॅम कोणता? वाडीत रेंज येते-जाते, म्हणून इंटरनेटशिवाय चालणारा घ्या. पियानोबूस्टर फुकट आहे, लॅपटॉपवर चालतो आणि त्यात 'फॉलो यू' नावाची, तुमच्यासाठी थांबणारी पद्धत आहे. सिंथेशिया एकदाच विकत घ्यावा लागतो. त्यात वरून रंगीत पट्टे पडत येतात, मुलांना ते आवडतं. सिम्पली पियानो आणि फ्लोकी यांना वर्गणी भरावी लागते. धडे आखून दिलेले हवे असतील तर ती भरण्यात अर्थ आहे, नाहीतर पहिले दोघे पुरेत.

जोडणी

आधी वायर जोडा, मग कीबोर्ड चालू करा आणि प्रोग्रॅम शेवटी उघडा. प्रोग्रॅम आधी उघडला तर पुष्कळदा त्याला कीबोर्ड दिसत नाही. बंद करून पुन्हा उघडला की दिसतो. विंडोजवर दुसरा एखादा संगीताचा प्रोग्रॅम मागे उघडा राहिला असेल तर कीबोर्ड पुष्कळदा त्याच्याच ताब्यात राहतो आणि नव्या प्रोग्रॅमला मिळत नाही.

प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये मिडी इनपुट म्हणून तुमच्या कीबोर्डचं नाव निवडा. मिडी ही १९८३ पासूनची पद्धत आहे आणि तिच्यातून आवाज जात नाही, आकडे जातात. कोणती पट्टी, किती वेगाने दाबली आणि केव्हा सोडली, एवढंच. पट्टीचा आकडा ० ते १२७ मधला. मधला सा, म्हणजे पांढरी एक, ६० असतो. ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड सहसा ३६ ते ९६ असे आकडे पाठवतो.

पेटीवाल्यांच्या घरात हमखास होणारी चूक इथे येते. बुवा काळी चारमध्ये गातात, म्हणून कोणीतरी कीबोर्डचं ट्रान्सपोज बटण (सगळे स्वर वर-खाली सरकवणारं) दाबून ठेवलेलं असतं. बऱ्याच कीबोर्डांत ट्रान्सपोज केलं की पाठवले जाणारे आकडेही सरकतात. काळी चारला सरकवलेल्या कीबोर्डवर तुम्ही पांढरी एक दाबता, प्रोग्रॅमला मात्र ६८ दिसतो आणि तो तुमचा प्रत्येक स्वर चुकीचा ठरवतो. पोर रडकुंडीला येतं, चूक त्याची नसतेच. म्हणून सराव सुरू करण्याआधी चार गोष्टी बघायच्या : ट्रान्सपोज शून्यावर, ऑक्टेव्ह (सप्तक) शून्यावर, स्प्लिट (पट्ट्यांचे दोन भाग करणारी सोय) बंद आणि आपोआप वाजणारी साथ-ठेका बंद. साथ चालू राहिली तर डाव्या बाजूच्या पट्ट्या कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) म्हणून पकडल्या जातात, शिवाय ठेक्याचे स्वरही प्रोग्रॅमकडे जातात.

आवाज कुठून ऐकायचा

तुम्ही दाबलेल्या पट्टीचा आवाज कीबोर्डमधूनच ऐका. प्रोग्रॅमने तो स्वर पुन्हा वाजवू नये, त्याने फक्त दुसऱ्या हाताचं वाजवावं. दोन्हीकडून आवाज आला की प्रत्येक स्वर 'ट-टक' असा दुहेरी येतो. तो आला की प्रोग्रॅममधला तुमच्या हाताचा आवाज बंद करा.

कीबोर्डला स्वतःचा आवाज नसेल (छोटे मिडी कीबोर्ड असे असतात) तर लॅपटॉपचाच आवाज घ्यावा लागतो आणि मग उशिराचा प्रश्न येतो. पट्टी दाबल्यापासून आवाज येईपर्यंत १०-१५ मिलिसेकंद गेले तर कळतही नाही. ३०च्या वर गेले की हात जड वाटायला लागतो. विंडोजवर एसिओफॉरऑल हा फुकट ड्रायव्हर टाकून, प्रोग्रॅमला तो वापरता येत असेल तर, बफर (आवाज एका वेळी साठवून पाठवण्याचा तुकडा) २५६ वर ठेवा. सेकंदाला ४४,१०० नमुन्यांच्या दराने ते सुमारे ६ मिलिसेकंद होतात. फटफट आवाज आला तर ५१२ करा. ब्लूटूथ हेडफोन सरावाला अजिबात नको. त्यांत आवाज १०० मिलिसेकंदांहूनही मागे पडतो आणि माणूस नकळत घाईने वाजवायला लागतो. साधा वायरचा हेडफोन घ्या.

लॅपटॉप चार्जिंगला लावल्यावर स्पीकरमधून घरघर येत असेल तर चार्जर काढून बॅटरीवर वाजवून बघा. घरघर गेली, तर दोष बहुधा चार्जरमध्ये किंवा घरातल्या अर्थिंगमध्ये आहे.

बसणं आणि हात

पेटीसमोर मांडी घालून बसायची सवय असते आणि कीबोर्डही चौरंगावर ठेवावासा वाटतो. चालेल, पण एक कसोटी आहे : हात पट्ट्यांवर ठेवल्यावर कोपर पट्ट्यांच्या पातळीत हवं. जेवणाच्या टेबलावर कीबोर्ड ठेवला की तो उंच होतो आणि लहान मुलाचे खांदे वर चढतात. खुर्चीत बसणाऱ्या मोठ्या माणसाला पट्ट्या जमिनीपासून ७० ते ७४ सेंटिमीटरवर बऱ्या पडतात. मुलाला खुर्चीवर उशी आणि पायांखाली पाट द्या.

प्रोग्रॅमला तुमची बोटं दिसत नाहीत. सगळे स्वर एकाच बोटाने वाजवले तरी तो शाबासकी देतो. म्हणून बोटांचे आकडे स्वतः सांभाळायचे : अंगठा १, करंगळी ५. उजव्या हाताने सा ते सां चढताना १ २ ३ १ २ ३ ४ ५, डाव्याने ५ ४ ३ २ १ ३ २ १. पहिला महिना हे आकडे कागदावर लिहून कीबोर्डला टेकवून ठेवा.

पेटी वाजवणाऱ्याला दोन गोष्टी नव्याने शिकाव्या लागतात. पेटीची पट्टी कशीही दाबा, आवाजाचा जोर भाता ठरवतो. पियानोत तो पट्टी किती वेगाने खाली गेली यावर ठरतो. याचा एक चांगला सराव आहे. मिडी-ऑक्ससारखा आकडे दाखवणारा फुकट प्रोग्रॅम उघडा आणि तीच पट्टी वीस वेळा अशी दाबा, की वेगाचा आकडा ६० ते ७० मध्येच राहील. पहिल्या दिवशी आकडे ३० ते ११० असे उड्या मारतील. करंगळीचे सगळ्यात कमी येतात, त्यात वावगं काही नाही.

दुसरी गोष्ट डाव्या हाताची. उजवा हात वर्षानुवर्षं स्वर वाजवत आलेला असतो, डावा नुसता भाता मारत आलेला असतो. पियानोत त्यालाही स्वर असतात आणि तो अगदी कोरा असतो. पेटी चांगली वाजवणारा माणूस दोन्ही हात एकत्र आले की वैतागतो, ते यामुळेच. तेव्हा प्रोग्रॅममधली 'फक्त डावा हात' ही निवड आधी घ्या आणि त्याला उजव्याच्या दुप्पट वेळ द्या.

पहिला अलंकार स्वतः लिहा

प्रोग्रॅमसोबत येणाऱ्या परक्या चालींपेक्षा ओळखीचा अलंकार घेतला की कान मदतीला येतो. म्युझस्कोर हा फुकट प्रोग्रॅम घ्या. नवीन पान उघडून पियानो निवडा, ताल ३/४, गती मिनिटाला ६० मात्रा. 'एन' दाबलं की स्वर लिहिता येतात. ५ दाबलं की एक मात्रेचा स्वर. मग सी, डी, ई, एफ, जी, ए, बी या अक्षरांनी सा रे ग म प ध नी लिहायचे : सारेग, रेगम, गमप, मपध, पधनी, धनीसां, आणि उतरताना सांनीध, नीधप, धपम, पमग, मगरे, गरेसा. बारा बार (तीन-तीन मात्रांचे गट) झाले, ३६ मात्रा. ६० च्या गतीने बरोबर ३६ सेकंद. प्रत्येक गट १-२-३ बोटांनी वाजवायचा आणि हात एकेक घर सरकवायचा, उतरताना ३-२-१.

डाव्या हाताला खालच्या सप्तकात एका बारला सा, दुसऱ्याला प, असे आलटूनपालटून. ६ दाबून मग टिंब दाबलं की तीन मात्रांचा स्वर येतो. सा करंगळीने, प अंगठ्याने. पेटीत सूर धरून ठेवतात, तसंच हे.

मग फाइल मेनूतून मिडी म्हणून बाहेर काढा. इथे एक अडचण येते. म्युझस्कोरमधल्या एका पियानोच्या दोन्ही ओळी एकाच मिडी चॅनलवर (माहितीच्या एकाच वाटेवर) जातात आणि हात चॅनलवरून ओळखणाऱ्या प्रोग्रॅमला डावा-उजवा वेगळा करता येत नाही. तसं झालं तर लिहितानाच पियानो दोनदा निवडा, उजवा हात पहिल्याच्या वरच्या ओळीत, डावा दुसऱ्याच्या खालच्या ओळीत. मग प्रोग्रॅममध्ये कोणता चॅनल कोणत्या हाताचा ते सांगा.

थांबण्यापासून सुटका

रोज २० ते २५ मिनिटं पुरेत. रविवारी एकदम दोन तास बसण्यापेक्षा रोजचं थोडं बरं.

सुरुवातीला हात न लावता एकदा पूर्ण ऐका. मग पहिले चार बार घ्या, एकच हात, थांबणारी पद्धत चालू. तोंडाने 'एक दोन तीन' मोजत राहा. प्रोग्रॅम थांबला की तुमची मोजणी तुटते आणि अडचण नेमकी कुठे आहे ते कळतं. त्या जागी पेन्सिलने खूण करा. बहुतेकदा ती जागा बोट बदलण्याची किंवा हात सरकवण्याची असते, स्वर आठवत नाही म्हणून थांबणं त्या मानाने कमी.

तेवढाच तुकडा पुन्हापुन्हा वाजवण्याची सोय बऱ्याच प्रोग्रॅमांत असते. ती लावताना तुकडा पुढच्या बारच्या पहिल्या स्वरापर्यंत घ्या. चार बार काटेकोर कापले तर ते चार चोख येतात आणि पाचव्यात शिरताना अडखळायला होतं, कारण जोडाचा सराव कधी झालेलाच नसतो.

न अडखळता सलग तीनदा जमलं की थांबणारी पद्धत त्याच दिवशी बंद करा. यात टाळाटाळ नको. प्रोग्रॅम थांबतो म्हणून हातही थांबायला शिकतो. प्रत्येक स्वराआधी पडद्याकडे बघून खात्री करायची सवय लागते आणि दोन महिन्यांनी सगळे स्वर बरोबर असूनही चाल ओळखू येत नाही. शिवाय काही प्रोग्रॅमांत चुकीच्या पट्टीसोबत बरोबर पट्टी दाबली गेली तरी पुढे जाता येतं. मुलांना हे दोन दिवसांत कळतं आणि ती मूठभर पट्ट्या दाबून स्वतःला पुढे ढकलत नेतात.

थांबणं बंद केल्यावर गती निम्मी करा. आमचा अलंकार ६० चा असेल तर ३० वर. नियम एकच : चुकलं तरी मागे जायचं नाही, पुढच्या बारच्या पहिल्या मात्रेला पोचायचं. भजनात एखादी ओळ हुकली तर झांजवाला समेवर येऊन मिळतो, तसंच. तीनदा नीट आलं की ५ ने वाढवा. दोन दिवस तिथेच अडकलात तर १० ने मागे या. दोन्ही हात एकत्र करताना गती पुन्हा निम्मी.

टक्केवारीवर फार जाऊ नका. चाळीस स्वरांत दोन चुकले तर ९५ टक्के मिळतात. ते दोन रोज त्याच जोडावर चुकत असतील, तर ते ९५ टक्के तुम्हाला काहीच सांगत नाहीत. तसंच, पेटीच्या सवयीने खटका-मुरकी घेतली की प्रोग्रॅम ते जादा स्वर चुकीचे धरतो. सरावात सरळ वाजवा. मुरक्या प्रोग्रॅम बंद करून घ्या, हव्या तेवढ्या.

तिसऱ्या आठवड्यापासून पडणारे रंगीत पट्टे लपवा आणि नोटेशन बघून वाजवा. शेवटची पायरी पडदा बंद करून, नुसत्या मेट्रोनोमवर (ठरल्या गतीने ठोके देणाऱ्या साधनावर). फोनवर ते ध्वनिमुद्रित करून ऐका. स्वत:ची घाई वाजवताना कळत नाही, ऐकताना लगेच कळते.

वायर नसेल तर

यूएसबी नसलेल्या कीबोर्डला किंवा खऱ्या पियानोला मायक्रोफोनने ऐकणारे प्रोग्रॅम चालतात, पण ते कान देऊन अंदाज करतात. एका स्वराच्या आवाजात त्याचा वरच्या सप्तकातला स्वरही मिसळलेला असतो. त्यामुळे तुम्ही एकटा सा दाबला की सा-सां दोन्ही, हे त्यांना नीट सांगता येत नाही. तीन-चार स्वर एकदम आले की चुका वाढतात. आषाढात पत्र्यावर पाऊस कोसळत असेल तर वेळ फुकट घालवू नका. पंखा बंद, आवाज साधा पियानोचा, घुमारा बंद आणि फोन स्पीकरपासून हातभर अंतरावर ठेवा. प्रोग्रॅमची साथ फोनला लावलेल्या हेडफोनवर घ्या, नाहीतर तो स्वतःलाच ऐकून तुम्हाला गुण देतो. कीबोर्डला मात्र हेडफोन लावू नका, कारण मग फोनला काहीच ऐकू येत नाही. जुना पियानो उतरलेला असेल तर आधी सूर लावून घ्या, नाहीतर स्वर ओळखलेच जात नाहीत.

पावसाळ्यात

कीबोर्ड पडवीत ठेवू नका. झड येते, खारा वारा येतो आणि यूएसबीच्या भोकात हिरवट गंज धरतो. माजघरात, भिंतीपासून वीतभर अंतर सोडून ठेवा. वर सुती कापड घाला. प्लास्टिक घट्ट गुंडाळलं तर आत दमटपणा कोंडतो. दिवे सारखे जात-येत असतील तर अडॅप्टर काढून ठेवा. अनेक लहान कीबोर्ड सहा पेन्सिल सेलवरही चालतात. महिना-दीड महिना वापर नसेल तर मात्र सेल बाहेर काढा, ते पाझरतात.

या दिवसांत प्रोग्रॅम एखाद्याच स्वरावर अडून बसला, किंवा एखादी पट्टी हळू दाबूनही ओरडली, तर स्वतःला दोष देण्याआधी पट्टी तपासा. प्रत्येक पट्टीखाली रबराच्या टोपीत दोन स्पर्शबिंदू असतात आणि त्यांच्यामधल्या वेळेवरून वेग मोजला जातो. एकावर दमट मळ बसला की पट्टी मुकी होते किंवा थेट १२७ पाठवते. आकडे दाखवणारा प्रोग्रॅम उघडून ३६ पासून ९६ पर्यंत एकेक पट्टी तीनदा मध्यम जोराने दाबा. जी मुकी आहे, जी उडी मारते, तिचा आकडा लिहून ठेवा. दुरुस्तीवाल्याला 'नीट वाजत नाही' असं सांगण्याऐवजी ती यादी द्या. बहुतेकदा आतल्या रबरपट्ट्या काढून, स्पर्शबिंदू पुसून, पूर्ण वाळवून परत बसवल्या की काम होतं.